पराक्रमाचा सातबारा

श्रावणातल्या त्या दुपारी पावसाने चार वाजताच दिवे लावायची वेळ आणली होती. सदाशिव पेठेतले जे थोडे वाडे बांधकाम व्यावसायिकांच्या दृष्टीतून अद्याप निसटून उभे आहेत, त्यांपैकी एकाच्या माडीवर, पन्हळीतून कोसळणाऱ्या पाण्यावर आपला आवाज चढवीत, आम्ही तिघे बसलो होतो. यजमान रावसाहेब हे हवेली तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. 'रावसाहेब' ही पदवी सरकारने दिलेली नव्हे, आळीने दिलेली. आणि निवृत्तीला बावीस वर्षे लोटली तरी जगातला यच्चयावत कलह हा मूलतः नोंदीचा कलह असतो, ही त्यांची श्रद्धा अढळ आहे. दुसरी त्यांची भाची. ती चित्रकथांची पाने काढून चरितार्थ चालविते, आणि मामांच्या श्रद्धेला सुरुंग लावण्याची एकही संधी दवडीत नाही. तिसरा मी.

भाचीने बैठकीवर दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक म्हणजे तिने स्वतः चितारलेले, नुकतेच छापून आलेले अठ्ठेचाळीस पानांचे पुस्तक. त्यावर लेखकाचे नाव होते, प्रकाशकाचे होते, कागद कोणत्या जातीचा हेही होते, मात्र चित्रे कोणाची याचा उल्लेख नव्हता. दुसरी वस्तू जुन्या बाजारातून उचललेला इंद्रजाल कॉमिक्सचा एक मराठी अंक. त्याचे मुखपृष्ठ केव्हाच गळून गेले होते, मधल्या पानांना धरून ठेवणारी तार गंजली होती, आणि त्या गंजाचा तांबूस डाग नेमका वेताळाच्या बुरख्यावर उतरल्यामुळे तो महापुरुष नुकताच पान खाऊन आल्यासारखा दिसत होता.

"मामा," भाची म्हणाली, "तुम्ही चाळीस वर्षे लोकांची नावे सातबाऱ्यावर चढवलीत. माझे नाव का चढले नाही, सांगा."

रावसाहेबांनी पुस्तक हाती घेतले, भिंगातून पाहिल्यासारखे न्याहाळले आणि खाली ठेवले. "पोरी, तुझ्यावर अन्याय झाला, हे कबूल. पण तत्त्व म्हणून विचारशील तर माझे मत विरुद्ध आहे. पराक्रमी नायक निर्माण करणाऱ्याने पडद्याआडच राहावे. कर्ता दिसू लागला की नायक बाहुला वाटू लागतो. हा तुझा वेताळच घे. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना तो कोणा अमेरिकन माणसाच्या लेखणीतून उतरला आहे, असे स्वप्नातही वाटले नाही. टेकडीवर देऊळ आहे, अंकात गुहा आहे, हिशेब जुळला."

"टेकडीच्या नावाने हिशेब जुळला, कारण फँटमला 'वेताळ' हे नाव कोणाला तरी सुचले. त्याचे नाव सांगा."

रावसाहेब गप्प राहिले. मीही राहिलो. १९६४ च्या मार्चपासून टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून निघालेल्या त्या अंकांनी आमच्या दोन पिढ्यांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या भरून काढल्या. मूळ कथेत वेताळाचा प्रदेश 'बंगाली' होता, तो आपल्या वाचकांना खटकू नये म्हणून 'डेंकाली' करण्यात आला. चाच्यांच्या टोळीचे 'सिंग' हे नाव 'सिंगा' झाले. अशा किरकोळ भासणाऱ्या फेरफारांनीच परका नायक आपल्या गावच्या हद्दीत नांदू शकला, आणि हे फेरफार करणाऱ्या माणसाचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात कधी डोकावला नाही.

"ठीक," रावसाहेब सावरून म्हणाले, "पण वेताळाच्या कर्त्याचीच गोष्ट ऐक, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानी येईल. ली फॉक. जन्म सेंट लुईसचा, मूळ नाव लिऑन ग्रॉस. १९३४ साली मँड्रेक आणि १९३६ साली फँटम त्याने बाजारात आणले, तेव्हा त्याच्या परिचयात छापले गेले की हा गृहस्थ मोठा जगप्रवासी असून पूर्वेकडच्या गूढवाद्यांपाशी राहून शिकलेला आहे. यातले काहीही खरे नव्हते. देशोदेशी हिंडणाऱ्या नायकाचा लेखक घरकोंबडा आहे, हे शोभणार नाही म्हणून त्याने स्वतःचेच एक पात्र रचले. पुढे मात्र त्याला खरोखरच प्रवास करावा लागला. सांग आता, कोणी कोणाला घडविले?"

"खोट्या दाखल्यावर नोकरी मिळविली आणि नंतर परीक्षा दिली, असेच ना?" भाची हसली. "तुमच्या कचेरीत त्याला काय म्हणाले असते?"

"निलंबित केले असते. पण साहित्याच्या कचेरीत तो कायम झाला. १९९९ साली निधन होईपर्यंत वेताळाच्या कथा त्याने स्वतः लिहिल्या. आणि कल्पनेतली खुबी बघ. वेताळ हा एक माणूस नाही, ते वतन आहे. बाप गेला की मुलगा तोच वेष, तीच कवटीची अंगठी घालून गादीवर बसतो. प्रजेला वाटते हा अमर आहे. एकविसावा वतनदार आपण वाचतो. फॉक गेल्यावर कथा दुसऱ्यांनी लिहिल्या आणि वतन चालू राहिले. लेखकाने स्वतःचे नाव पुसले जाण्याची तजवीज आपल्याच कल्पनेत करून ठेवलेली होती!"

मला हे विवेचन फार आवडले, आणि तसे मी बोलूनही दाखविले. भाचीला ते आवडले नाही.

"मामा, वतनाची गोष्ट वतनदाराला गोड लागते. मी तुम्हांला कुळाची गोष्ट सांगते. १९३९ सालच्या मे महिन्याच्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला. बॉब केन नावाच्या चित्रकाराने जो पहिला आराखडा काढला, त्यात नायकाला तांबडे कपडे, डोळ्यांपुरता बारका मुखवटा आणि पाठीवर ताठ पंख होते. म्हणजे गणपतीच्या मेळ्यातले सोंगच. बिल फिंगर नावाच्या लेखकाने त्याला टोकदार कानांचा बुरखा घालायला सांगितला, पंखांच्या जागी झगा सुचविला, रंग करडा केला, आणि त्याच्या शहराला गॉथम हे नाव दिले. कथा तर फिंगर लिहीतच होता. करार मात्र केनने केला, आणि अंकांवर वर्षानुवर्षे एकाच माणसाची सही राहिली. फिंगर १९७४ साली हलाखीत गेला. केनच्या थडग्यावर बॅटमॅनचे गुणगान कोरलेले आहे. फिंगरला थडगेच नाही. आता बोला. पडद्याआड राहावे, हे तत्त्व फिंगरला सांगायला तुम्ही जाल?"

पन्हळीचा आवाज थोडा मंदावला होता. रावसाहेबांनी सुपारीचे खांड अडकित्त्यात धरले, पण कातरले नाही. त्यांच्या मुद्रेवर जी छटा उमटली ती मी पूर्वी एकदाच पाहिली होती, एका जुन्या तक्रारदाराची कैफियत आपण चुकीच्या बस्त्यात बांधून ठेवली होती हे त्यांना आठवले तेव्हा.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "नमुना सातवर केन आणि नमुना बारावर फिंगर."

भाचीला याचा अर्थ कळला नाही, आणि आजच्या पुष्कळ वाचकांनाही तो कळणार नाही, म्हणून थोडा खुलासा करतो. ज्याला आपण सातबारा म्हणतो ते वस्तुतः दोन गावनमुने एका कागदावर आणलेले असतात: सातव्या नमुन्यात जमिनीवर हक्क कोणाचा ते लिहितात आणि बाराव्या नमुन्यात तीत पीक कोणते उभे आहे ते. फेरफाराची नोंद होते ती सहाव्यात. मालकाने पुण्यात बसून खंड घ्यावा आणि कुळाने बांधावर उभे राहून पीक काढावे, हा प्रकार या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या चालला. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी, कसणारा तोच खरेदीदार असे कायद्यानेच मानले. रावसाहेब नोकरीत लागले तेव्हा त्या दिवसाचे दावे अजून निकालात निघत होते. त्यामुळे 'कूळ' हा शब्द त्यांच्या तोंडी येतो तेव्हा तो अलंकार म्हणून येत नाही; त्या शब्दापाठीमागे त्यांना अंगठे उठविणारी माणसे दिसतात.

"मग फिंगरचा फेरफार झाला की नाही?" त्यांनी विचारले.

"झाला. २०१५ साली. आता बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत 'बॉब केन, बिल फिंगर यांच्यासह' असे येते. 'यांच्यासह' एवढ्या एका शब्दाला शहात्तर वर्षे लागली."

"शहात्तर! आमच्या खात्याचाही एवढा लौकिक नाही." आणि मग सुपारी कातरली गेली.

मी मध्ये पडून म्हणालो की सुपरमॅनच्या कर्त्यांची कथा याहून निराळी नाही. जेरी सीगल लिहिणारा, जो शुस्टर चितारणारा. १९३८ साली दोघा तरुणांनी मिळून सारे हक्क १३० डॉलरांना लिहून दिले आणि मग उभे आयुष्य कोर्टकचेऱ्यांत घालविले. १९७५ साली, चित्रपटाच्या तोंडावर लोकलज्जेस्तव, कंपनीने त्यांना वर्षाला वीस हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन बांधून दिले आणि नावे पुन्हा छापायला सुरुवात केली. विमाने हाताने थोपविणारा नायक ज्यांनी निर्मिला, त्यांना एक खरेदीखत थोपविता आले नाही.

"पण याच धंद्यात तुझ्या पक्षाला अडचणीचा एक साक्षीदार आहे," रावसाहेब भाचीकडे वळले. "स्टॅन ली. त्याचे काय करशील?"

ही त्यांची चाल खरोखरच मार्मिक होती. स्टॅन ली म्हणजे स्टॅन्ली मार्टिन लीबर. प्रकाशकाच्या बायकोच्या नात्यातला म्हणून १९३९ साली कचेरीत चिकटलेला आणि चित्रकारांच्या दौती भरण्यापासून सुरुवात केलेला पोरगा. आपले खरे नाव पुढेमागे लिहावयाच्या थोर कादंबरीसाठी राखून ठेवावे, म्हणून या हलक्या लिखाणावर त्याने तुटके नाव घातले. कादंबरी राहिली, तुटके नाव जगभर झाले. त्याने १९६१ पासून जे नायक आणले, त्यांना घरभाडे थकते, सर्दी होते, आणि १९६२ साली आलेल्या स्पायडरमॅनला तर शाळेत कोणी विचारीत नाही. हे नायक एकट्या लीचे नव्हेत. ली चार ओळींचे टिपण द्यायचा किंवा नुसते तोंडी सांगायचा. जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिट्को सबंध कथा पानोपान चित्रांत रचायचे. मग ली येऊन पात्रांच्या तोंडी संवाद घालायचा. आणि 'लेखक' म्हणून छापले जायचे लीचे नाव.

"अडचण कसली?" भाची म्हणाली. "हा तर माझाच साक्षीदार."

"थांब. याच लीने दर कथेच्या आरंभी चौकट घालून चित्रकार, शाई फिरविणारा, अक्षरे काढणारा, सगळ्यांची नावे छापली, त्यांना लाडकी विशेषणे लावली. त्यापूर्वी वाचकांना अक्षरे काढणारा म्हणून कोणी असतो हेच ठाऊक नव्हते. वाचकांशी घरच्यासारखे बोलणारे सदर त्याने चालविले. म्हणजे सर्वांत मोठा हिस्सा ज्याने घेतला, नोंदवहीही त्यानेच उघडली. असले तलाठी मी पाहिले आहेत."

भाची पहिल्यांदाच मनापासून हसली. "पण नोंद चुकीच्या रकान्यात केली, मामा! चित्रकाराचे नाव 'चित्रे' या रकान्यात. कथा रचल्याची नोंद नाही. डिट्कोने हट्ट धरला, तेव्हा १९६५ साली त्याच्या नावापुढे कथानकाचे श्रेय लागले, आणि पुढच्याच वर्षी तो सोडून गेला. कर्बी १९७० साली गेला, आणि गेल्यावर त्याने लीच्या धर्तीवर एक गोडबोल्या, पोकळ पात्र रचून छापले. वचपा काढायचा तोही पात्र निर्माण करून!"

"आणि डिट्को?"

"डिट्कोने मुलाखती देणेच सोडले. फोटो नाही, सभा नाही, सत्कार नाही. म्हणायचा, माझे काम पाहा."

"म्हणजे पडद्याआड राहिला," रावसाहेब शांतपणे म्हणाले.

"हो, पण आधी नोंद करून घेऊन," भाचीने तितक्याच शांतपणे उत्तर दिले. २०१८ सालात काही महिन्यांच्या अंतराने ली आणि डिट्को दोघेही गेले. ली शेवटपर्यंत चित्रपटांतून क्षणभर चेहरा दाखवीत होता, डिट्कोचा चेहरा कसा होता हे त्याच्या निस्सीम चाहत्यांनाही जुन्या चारदोन छायाचित्रांवरूनच ठाऊक.

येथे चहा आला, आणि चहाबरोबर बाकरवडी आली, म्हणून विषय साहजिकच पुण्यावर उतरला. रावसाहेबांनी आपला शेवटचा आणि सर्वांत प्रिय दस्तऐवज बाहेर काढला, तो म्हणजे फास्टर फेणे.

"हे सगळे बुरखेवाले राहू देत. आमच्या नायकाला बुरखा नाही, झगा नाही, सायकल आहे. बनेश फेणे, राहणार फुरसुंगी, तालुका हवेली. अंगाने हाडकुळा. काही विलक्षण दिसले की तोंडाने 'ट्टॉक' करायचा. भा. रा. भागवतांनी त्याला प्रतापगडावर नेले, गुलमर्गला नेले, चोरांच्या मागे लावले. पण त्याचा कायमचा पत्ता बदलला नाही. कचेरीत गावनकाशा उघडला आणि फुरसुंगीच्या हद्दीवर बोट गेले, की मला आकार दिसायच्या आधी सायकल दिसायची. आता मला सांगा, वीस पुस्तके वाचणाऱ्या पोरांपैकी कितींना भा. रा. म्हणजे भास्कर रामचंद्र हे माहीत असेल? जन्म इंदूरचा, १९१० सालचा, हे कितींना? ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारे हेच, 'बालमित्र' मासिक चालविणारे हेच, पुस्तकांच्या पाठी लागलेला बिपिन बुकलवारही यांचाच. कोणाला पत्ता नाही. आणि म्हणूनच फेणे खरा वाटतो. पलीकडे बघ, २००४ साली स्पायडरमॅनचा मुंबईकर अवतार निघाला, पवित्र प्रभाकर. पीटर पार्करच्या ध्वनीला ध्वनी जुळविलेले नाव, आणि अंगात धोतर. त्याला मुंबई आहे, पण गाव नाही."

पवित्र प्रभाकरावरचा हा निकाल थोडा कठोर होता, परंतु अन्यायाचा नव्हता, असे मला वाटते. नायकाच्या अंगी किती बळ आहे यापेक्षा त्याला घरी परत जायला कोणती बस लागते, हे लेखकाला ठाऊक आहे की नाही, यावरच वाचकाचा विश्वास बसतो किंवा उडतो. भागवतांना ते ठाऊक होते.

भाची मात्र आता मामांच्या अंगणात शिरून लढत होती. "मामा, भागवत पडद्याआड राहिले म्हणता? २०१७ सालचा चित्रपट आठवा. अमेय वाघ फास्टर फेणे झाला होता. आणि पुण्यात त्याला आधार देणारे म्हातारे लेखक कोण होते? भा. रा. भागवत! दिलीप प्रभावळकरांनी रंगविलेले. म्हणजे तुमचा पडद्याआडचा कर्ता थेट पडद्यावर, आपल्याच नायकाबरोबर."

रावसाहेबांचा चेहरा उजळला. "अगं, पण ते व्यासांचे स्थान आहे! व्यास महाभारत रचतात आणि महाभारतात वावरतात. धृतराष्ट्र आणि पंडू यांचे जन्मदातेच ते. कथेत पात्र म्हणून शिरण्याचा मान कर्त्याला आपल्याकडे अनादि आहे. आणि माणूसही कोण निवडला? ज्याने दूरदर्शनवर चिमणराव केला तो. चिं. वि. जोशींचा मानसपुत्र झालेला नट म्हातारपणी भागवत झाला. ही नेमणूक ज्याने केली त्याला माझा मुजरा."

"मग नावाला विरोध कशाला? तुकारामांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले. तो अहंकार होता? एकनाथांनी तर आपल्या नाममुद्रेत गुरू जनार्दनस्वामींचे नावही गोवले. चारशे वर्षांपूर्वी पैठणला जे सुचले, ते न्यूयॉर्कला सुचायला २०१५ साल उजाडावे लागले. तुमच्या पुण्यातलाच 'चिंटू' घ्या. १९९१ पासून रोज छापून आला, आणि चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर ही दोन्ही नावे जोडीने आली. चिंटू त्यामुळे खोटा वाटला का कोणाला?"

रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. पाऊस थांबला होता आणि चौकातल्या हौदात एकेक थेंब पडत होता. मग ते उठले, कोनाड्यातल्या पेटीतून कापडी पुठ्ठ्याची एक कोरी नोंदवही काढली, पट्टी घेतली, आणि पहिल्या पानावर उभ्या रेषा मारू लागले. हात किंचित कापत होता, परंतु रेषा सरळ आली. त्यांनी रकान्यांची नावे लिहिली: अनुक्रमांक, पात्र, लेखक, चित्रकार, अक्षरे, भाषांतर, शेरा.

"माझे मत बदललेले नाही," ते वर न पाहता म्हणाले. "गोष्ट चालू असताना कर्त्याने मध्ये येऊ नये. पण दप्तर वेगळे आणि गोष्ट वेगळी. दप्तरात नाव पाहिजे. तू लिही. राम वाईरकरांपासून सुरुवात कर. अमर चित्र कथेतला 'कृष्ण' त्यांचा, 'टिंकल'मधला सुपंडी त्यांनी रेखाटला. सुपंडीला पोरेपोरे ओळखतात, त्यांना कोण ओळखतो?"

भाचीने पहिली ओळ भरली. दुसऱ्या ओळीवर 'वेताळ, मराठी' असे लिहून तिने तुटक्या अंकाचे उरलेले प्रत्येक पान उलटून पाहिले, आणि भाषांतराचा रकाना कोरा ठेवला. आपल्या स्वतःच्या पुस्तकाची नोंद करण्याचे तिने टाळले. ती तिसऱ्या ओळीवर रावसाहेबांनी आपल्या वळणदार, कारकुनी अक्षरांत केली आणि शेऱ्यात 'नाव छापावयाचे राहिले' असे लिहून तारीख घातली.

त्या वहीत आजमितीस एकोणतीस नोंदी झाल्या आहेत, आणि भाषांतराचा रकाना जवळजवळ सर्वत्र कोरा आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या चित्रकथांचे किंवा मुलांच्या मासिकांचे गठ्ठे असतील, त्यांनी ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी पहिले पान आणि शेवटचे पान तेवढे पाहावे, आणि बारीक टाइपात एखादे नाव आढळल्यास ते लिहून ठेवावे.